कानाजवळचें दुखणें

कानाच्या छिद्रापुढें बोट ठेवून तोंड सावकाश उघडलें आणि मिटलें, तर बोटाखालीं एक लहानसें हाड पुढें सरकून पुन्हां मागें येतांना स्पष्ट जाणवतें. खालच्या जबड्याचा कवटीशीं जो सांधा आहे तो हाच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याला हनुसंधि असें नांव आहे. शरीरांतील इतर सांध्यांहून याची रचना निराळी. कोपर बिजागरीसारखें हलतें. हा सांधा मात्र प्रथम बिजागरीप्रमाणें फिरतो आणि नंतर टेबलाच्या खणाप्रमाणें पुढें घसरतो. दोन हाडांच्या मध्यें एक पातळ व चिवट चकती असते, आणि तीहि हाडाबरोबर पुढें-मागें सरकते. शिवाय डावा व उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडानें जोडलेले असल्यामुळें एकानें काम केलें व दुसरा स्वस्थ बसला असें कधींच घडत नाहीं. बोलणें, चावणें, गिळणें, जांभई देणें या साऱ्या व्यवहारांत त्यांना दिवसभर राबावें लागतें; आणि ज्यांना रात्रीं झोपेंत दांत खाण्याची खोड असते त्यांच्या सांध्यांना रात्रींहि सुटी नसते.

हा सांधा दुखूं लागला म्हणजे हें सांध्याचें दुखणें आहे असें प्रथम रोग्याच्या मनांतहि येत नाहीं. सकाळीं उठल्यावर जबडा जखडल्यासारखा वाटतो. भाकरीचा तुकडा चावतांना कानाजवळ 'कट्' असा आवाज होतो. कानशील ठणकतें, कानांत दडे बसतात, आणि जांभई आली कीं जीव घाबरा होतो. रोगी कानाच्या डॉक्टरांकडे जातो. ते कान स्वच्छ असल्याचें सांगतात. दंतवैद्याकडे जातो, त्यांचा संशय अक्कलदाढेवर जातो. घरचीं माणसें सहानुभूति दाखवितात, परंतु सूज नाहीं, ताप नाहीं, जखम नाहीं, तेव्हां दुखतें तरी काय असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसल्यावांचून राहात नाहीं. अमेरिकेंतील अंदाजाप्रमाणें शेंकडा पांच ते बारा लोकांना हें दुखणें असतें. त्यांत स्त्रियांचें प्रमाण अधिक, आणि वय बहुधा विशी-चाळिशीच्या दरम्यानचें. पुष्कळांचें दुखणें कांहीं आठवड्यांत अथवा महिन्यांत आपोआप ओसरतें. ज्यांचें ओसरत नाहीं त्यांच्यावर गेल्या दीडशें वर्षांत काय काय प्रयोग झाले, तो इतिहास मोठा विलक्षण आहे; कारण रोगानें केलेल्या हानीपेक्षां उपायानें केलेली हानि त्यांत कांहीं वेळां अधिक भरते.

निखळलेला जबडा जागेवर बसविण्याची विद्या फार जुनी आहे. एडविन स्मिथ पपायरस या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मिसरी लेखाची उपलब्ध प्रत ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराची. त्यांत असें सांगितलें आहे कीं, वैद्यानें आपले दोन्ही अंगठे रोग्याच्या तोंडांत जबड्याच्या मागच्या टोकांवर ठेवावे, बाकीचीं बोटें हनुवटीखालीं धरावीं आणि जबडा मागें ढकलून बसवावा. आपल्याकडील चरकसंहितेंत वातव्याधींच्या चिकित्सेंत जवळजवळ हीच रीत आढळते. उघडा राहिलेला जबडा प्रथम शेकून मऊ करावा, अंगठ्यांनीं दाबावा व तर्जनींनीं हनुवटी वर उचलावी, असा तेथील विधि आहे. सुश्रुतानें जबडा बसविल्यावर पंचांगी नांवाचा बंध बांधावयास सांगितला असून हनुमोक्ष हा विकार त्यानें दंतरोगांच्या यादींत घातला आहे. नाईल नदीच्या कांठीं आणि भरतखंडांत वैद्यांचे अंगठे एकाच जागीं पडावे यांत आश्चर्य नाहीं, कारण हाडाची घडण सर्वत्र एकच. आजहि इस्पितळांत निखळलेला जबडा बसवावयाचा झाला तर बहुधा अंगठेच वापरतात.

परंतु हें यश निखळलेल्या सांध्यापुरतेंच होतें. तेथें काय बिघडलें आहे हें डोळ्यांना दिसतें, आणि बसलें कीं नाहीं हेंहि तत्काळ कळतें. जेथें हाड जागेवर आहे, तोंड उघडतें-मिटतें, आणि तरीहि वर्षानुवर्षें दुखतें, तेथें काय करावें? या प्रश्नाकडे पाश्चात्त्य शस्त्रवैद्यांचें लक्ष एकोणिसाव्या शतकांत वळलें. लंडनचे सर ॲस्टली कूपर यांनीं सांधे निखळणें व हाडें मोडणें या विषयावर १८२२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जबड्याच्या अर्धवट निसटण्याचें वर्णन आहे. तरुण स्त्रियांच्या जबड्यांत आवाज होतो, तो मधूनच अडकतो व दुखतो, हें त्यांनीं पाहिलें. आणि सांध्याचे बंध सैल पडल्यामुळें हाड त्या मधल्या चकतीवरून घसरतें असा तर्क केला. पुढें १८८७ सालीं एडिंबरोचे शस्त्रवैद्य टॉमस ॲनंडेल यांनीं 'लॅन्सेट' या साप्ताहिकांत अशाच दोन स्त्रियांची हकीकत दिली. त्यांनीं सांधा उघडून, जागेवरून ढळलेली चकती ओढून टांक्यांनीं शिवली होती. चकती ढळली म्हणून दुखतें, म्हणून ती शिवावी अगर काढून टाकावी, हा विचार येथून सुरू झाला. तो पुढें शंभर वर्षें कधीं मागें पडला, कधीं वर आला. परंतु मेला नाहीं. १८९५ सालीं क्ष-किरणांचा शोध लागला तरी त्यानें या वादाचा निकाल लागण्यासारखा नव्हता, कारण साध्या क्ष-किरणचित्रांत हाड दिसतें, चकती दिसत नाहीं.

विसाव्या शतकांत हा रोग शस्त्रवैद्यांच्या हातून निसटून दंतवैद्यांच्या हातीं गेला, आणि गंमत अशी कीं तो त्यांच्या स्वाधीन करणारा गृहस्थ दंतवैद्य नव्हता. अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं जेम्स कॉस्टेन नांवाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. १९३४ सालीं त्यांनीं आपल्या विषयाच्या एका नियतकालिकांत अवघ्या अकरा रोग्यांवरून एक लेख लिहिला. कान भरल्यासारखा वाटणें, कमी ऐकूं येणें, कानांत गुणगुण, चक्कर, डोकेदुखी, जिभेची जळजळ, अशा नाना तक्रारी घेऊन येणाऱ्या रोग्यांच्या दाढा पडलेल्या असतात असें त्यांच्या ध्यानांत आलें. यावरून त्यांनीं असें बसविलें कीं, मागच्या दाढा नाहींशा झाल्या म्हणजे जबडा वाजवीपेक्षां अधिक मिटतो. त्यामुळें त्याचें वरचें टोक मागें कानाकडे ढकललें जातें. आणि तेथील नाजूक मज्जातंतूंवर व कानाच्या नळीवर दाब येऊन हीं सारीं लक्षणें उत्पन्न होतात. उपाय उघडच होता. पडलेल्या दाढांच्या जागीं कृत्रिम दाढा बसवाव्या, चावा उंच करावा, म्हणजे जबडा खालीं येईल व दाब सुटेल.

हें विवेचन इतकें सुबोध होतें कीं तें लवकरच सर्वमान्य झालें. कारण एक, उपाय एक आणि तो हातानें करण्याजोगा. वैद्याला आणि रोग्याला याहून अधिक काय हवें असतें? 'कॉस्टेनचा रोग' हें नांव पाठ्यपुस्तकांत गेलें. चावा उंच करण्याकरितां सोन्याचीं टोपणें बसविण्यांत आलीं, धड दांत घासून सपाट करण्यांत आले. कांहींना खरोखर बरें वाटलें. त्यामुळें उपपत्ति खरी ठरली असें सर्वांनीं गृहीत धरलें.

पण मूळ प्रश्न शरीररचनेचा होता आणि तो शरीररचनाशास्त्रज्ञांस विचारावयाचें राहून गेलें होतें. व्हिएन्नाहून शिकागोस येऊन स्थायिक झालेले हॅरी सिचर हे या विषयांतले अधिकारी पुरुष. जबड्याचें टोक कॉस्टेन म्हणतात तसें मागें जाऊन त्या मज्जातंतूंना चेपूं शकतें काय, हें त्यांनीं तपासून पाहिलें, आणि १९४८ सालीं तें तसें होऊं शकत नाहीं असें प्रतिपादिलें. मज्जातंतु जेथें आहेत तेथें हाड पोंचतच नाहीं. उपपत्तीचा पाया असा निघून गेला. तरीहि दांत घासण्याचें काम पुढें कित्येक वर्षें चालू राहिलें. हाताला लागलेलें वळण डोक्यांतील विचार बदलला तरी लवकर सुटत नाहीं, हा अनुभव केवळ वैद्यकांतला नव्हे.

याच सुमारास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत लास्लो श्वार्ट्झ या दंतवैद्यांनीं जबड्याच्या दुखण्याकरितां एक चिकित्सालय चालविलें. तेथें येणाऱ्या रोग्यांकडे त्यांनीं दांत सोडून इतरत्रहि पाहिलें, आणि त्यांना असें आढळलें कीं पुष्कळांचा सांधा शाबूत असून दुखतात ते चावण्याचे स्नायु. गालावरचा व कानशिलावरचा स्नायु दाबून पाहिला तर रोगी ओरडतो. संकटांत, काळजींत, रागांत मनुष्य दांतांवर दांत रोवतो, आणि तो ताण स्नायूंत पेटका आणतो. त्वचेवर थंड वाफेची फवारणी करून स्नायु सैल करण्याचा उपाय त्यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केला. १९५६ च्या लेखांत स्नायु आणि मन यांना या रोगाच्या मध्यभागीं आणून बसविलें. १९६९ सालीं शिकागो येथील डॅनियल लास्किन यांनीं हीच दिशा पुढें नेली. दांतांची ठेवण हें कारण नव्हे, मनाचा ताण व स्नायूंचा शीण हें कारण, असें त्यांचें म्हणणें.

लास्किन व त्यांचे सहकारी चार्ल्स ग्रीन यांच्या मंडळीनें जी एक परीक्षा घेतली ती या इतिहासांत फार मोलाची आहे. दांत घासून चावा नीट केल्यानें दुखणें थांबतें असें दंतवैद्य शपथेवर सांगत असत. तेव्हां या मंडळींनीं पंचवीस रोग्यांवर दांत घासण्याचें केवळ नाटक केलें. रोगी खुर्चीवर, यंत्राचा घर्र घर्र आवाज, दंतवैद्याची गंभीर मुद्रा, सर्व कांहीं यथासांग. फक्त चावतांना एकमेकांस टेकणाऱ्या भागांना धक्का म्हणून लावला नाहीं. १९७६ सालीं त्यांनीं निकाल जाहीर केला. पंचवीसांपैकीं सोळा जणांचें दुखणें पूर्णपणें अथवा जवळजवळ पूर्णपणें थांबलें होतें. ते सोळा लोक ढोंगी होते असा याचा अर्थ नव्हे. त्यांचें दुखणें खरें होतें आणि आरामहि खरा होता. परंतु आराम पडला म्हणून उपायामागची उपपत्ति खरी, हा जो चाळीस वर्षांचा आधार, तो या एका प्रयोगानें ढिला झाला. दुखणें मुळांतच कमी-अधिक होणारें. रोगी वैद्याकडे धांव घेतो तो तें शिगेला पोंचलें असतां. त्यानंतर कांहींहि केलें तरी उतार पडण्याचा संभव मोठा. त्यांत वैद्याचा धीर मिळाला कीं जबडा आपोआप सैल पडतो.

या निकालानंतर दंतवैद्यांनीं आणि शस्त्रवैद्यांनीं थोडें थांबावयास हवें होतें. घडलें उलटें. १९७० नंतरच्या दशकांत सांध्यांत औषध टोंचून क्ष-किरणचित्र काढण्याची युक्ति सुधारली, आणि मिनीआपोलिसचे विल्क्स, अलाबामांतील फरार व मॅकार्टी इत्यादिकांनीं ढळलेली चकती प्रत्यक्ष दाखवून दिली. ॲनंडेल यांचा विचार पुन्हां उभा राहिला, आणि या वेळीं त्याच्या हातांत चित्राचा पुरावा होता. रोग्याला चित्र दाखवावें, ही पाहा तुमची चकती, ही जागा सोडून पुढें गेली आहे, असें म्हणावें. रोग्यानें नाहीं कसें म्हणावयाचें? ज्याच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवीत नव्हतें त्याला आपलें दुखणें कागदावर उमटलेलें पाहून एक प्रकारचें समाधानच वाटलें असेल. शस्त्रक्रियांची संख्या झपाट्यानें वाढली. चकती नीट बसेना तर ती काढून टाकीत, आणि काढल्यावर हाडावर हाड घासूं नये म्हणून मध्यें कांहींतरी ठेवणें आवश्यक वाटूं लागलें.

तें कांहींतरी ह्यूस्टन शहरांतील व्हायटेक या कंपनीनें पुरविलें. तिचे संस्थापक चार्ल्स होम्सी हे रसायन-अभियंता. टेफ्लॉन या गुळगुळीत पदार्थापासून केलेल्या सच्छिद्र द्रव्याला त्यांनीं प्रोप्लास्ट असें नांव दिलें होतें. या द्रव्याची, टेफ्लॉनचा थर दिलेली कृत्रिम चकती जबड्यांत ठेवण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें १९८३ सालीं परवानगी दिली. ती देतांना माणसांवर दीर्घकाळ परीक्षा झालेली नव्हती. बाजारांत पूर्वींपासून असलेल्या दुसऱ्या एका वस्तूसारखी ही आहे, एवढें दाखविणें त्या वेळच्या कायद्याप्रमाणें पुरेसें होतें. हजारों रोग्यांच्या, बहुतांशीं तरुण स्त्रियांच्या, जबड्यांत ही चकती जाऊन बसली. पहिलीं एक-दोन वर्षें बरीं गेलीं. शस्त्रवैद्यांनीं आपापलीं यशाचीं टिपणें प्रसिद्ध केलीं.

नंतर चकती झिजूं लागली. जबड्याचा दाब साधा नसतो; सुपारी फोडतांना तो सर्वांच्या अनुभवाला येतो. त्या दाबाखालीं टेफ्लॉनचा चुरा झाला, आणि त्या बारीक कणांना परकें समजून शरीरानें त्यांच्याशीं युद्ध मांडलें. मोठमोठ्या पेशी जमून त्या कणांना गिळूं पाहात, आणि त्या झटापटींत शेजारचें हाड विरघळे. जबड्याचीं टोकें नाहींशीं झालीं, हनुवटी मागें गेली, पुढचे दांत एकमेकांस भेटेनासे झाले. कांहींच्या बाबतींत कवटीच्या तळाचें हाडहि पोखरलें गेलें. ज्यांना पूर्वीं फक्त दुखत होतें त्यांना आतां धड खातां येईना. चकती काढली तरी चुरा मागें राहिलेला असे, म्हणून एकामागून एक शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

या सर्व प्रकरणांत मनाला अधिक लागणारी गोष्ट निराळीच आहे. टेफ्लॉन सांध्यांत टिकत नाहीं हें वैद्यकाला वीस वर्षें आधींच ठाऊक होतें. इंग्लंडमधील जॉन चार्नली यांनीं १९५८ च्या सुमारास खुब्याच्या कृत्रिम सांध्यांत टेफ्लॉनची वाटी बसविण्यास आरंभ केला होता. थोड्याच वर्षांत ती झिजून तिच्या चुऱ्यानें आसपासचे भाग खराब झाले. चार्नली हे स्वतःला माफ करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनीं टेफ्लॉनचे कण आपल्या मांडींत टोंचून घेतले, तेथें उठलेल्या गांठी पाहिल्या, आणि ही सर्व हकीकत १९६३ सालीं 'लॅन्सेट'मध्यें जाहीर केली. ज्या रोग्यांना त्या वाट्या बसविल्या होत्या त्यांच्या शस्त्रक्रिया त्यांनीं पुन्हां केल्या. खुब्याच्या वैद्यांनीं लिहिलेलें जबड्याच्या वैद्यांनीं वाचलें नाहीं, किंवा वाचूनहि आपल्याला लागू आहे असें त्यांना वाटलें नाहीं.

कंपनीनें १९८८ सालीं विक्री थांबविली व १९९० सालीं दिवाळें काढलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत प्रशासनानें इशारा दिला कीं, ज्यांच्या जबड्यांत या चकत्या आहेत त्यांनीं क्ष-किरणपरीक्षा करून घ्यावी, त्रास नसला तरीहि. १९९१ च्या जानेवारींत उरलेला माल परत घेण्यांत आला. १९९२ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेच्या एका समितीपुढें या प्रकरणाची सुनावणी झाली, आणि १९९३ च्या अखेरीस जबड्यांत बसवावयाच्या कृत्रिम वस्तूंना सर्वांत कडक वर्गांत घालण्यांत आलें. हा बदल आपोआप झाला नाहीं. १९८६ सालीं मिलवॉकी येथें टेरी काउली व त्यांची एक सहकारी, दोघीहि स्वतः या रोगानें पीडित, यांनीं रोग्यांची एक संस्था काढली होती. दुखणें मनाचें आहे म्हणून ज्यांची वासलात लावली गेली, त्यांनीं एकत्र येऊन पत्रें लिहिलीं, सभागृहांचे उंबरठे झिजविले आणि आपलें म्हणणें सरकारदरबारीं नोंदविलें.

पुढच्या वर्षांत चकतीविषयींचा समजहि बदलला. एम्. आर्. आय्. हें यंत्र आल्यावर सांध्यांत कांहीं न टोंचतां चकती पाहतां येऊं लागली, आणि मग ज्यांना कसलाहि त्रास नाहीं अशा माणसांचेहि जबडे पाहण्यांत आले. त्यांच्यापैकीं सुमारें एक तृतीयांश लोकांची चकती ढळलेली निघाली. हीं माणसें आनंदानें भाकरी खात होतीं! जबड्यांतील आवाज आणि ढळलेली चकती हीं एकटीं असतां रोग नव्हेत. दुखणें किंवा अडकणें नसेल तर त्यांना हात लावण्याचें कारण नाहीं, असें आतां सर्वसाधारणपणें मानतात. जेरुसलेमच्या डॉ. निट्झान यांनीं १९९१ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिलें कीं, एकाएकीं अडकलेला सांधा नुसत्या दोन सुयांनीं पाण्यासारख्या द्रवानें धुतला तरी तोंड पुष्कळदां उघडतें. चकती मात्र पूर्वींच्याच जागीं, म्हणजे ढळलेलीच राहते. शंभर वर्षें जिच्यावर सर्वांचा डोळा होता तिच्यावांचूनहि सांधा चालतो, हें पाहून अनेकांना आपली जुनी टिपणें पुन्हां उघडावीं लागलीं असतील.

१९९६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनीं बेथेस्डा येथें तज्ज्ञांची परिषद भरविली. तेथें निरनिराळ्या पंथांचे लोक आपापला उपाय घेऊन आले होते. परिषदेनें ठरविलेली गोष्ट साधी होती. ज्या उपायांतून परत फिरतां येतें ते आधीं करावे. दांत घासणें, चावा बदलणें, सांधा उघडणें यांतून परत येतां येत नाहीं, आणि बहुसंख्य रोग्यांना त्यांची गरज पडते असा पुरावा नाहीं. २०२३ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें, जुनाट झालेल्या जबड्याच्या दुखण्याविषयीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं व रोग्यांनीं मिळून एक मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं जबड्याचे व मानेचे व्यायाम, ताठरलेले स्नायु हातानें सैल करणें, विचार व वर्तन यांवरील मानसोपचार, आणि घरीं करावयाचे ताण देण्याचे प्रकार व योग्य माहिती, यांची त्यांनीं आग्रहानें शिफारस केली आहे. चकती काढून टाकणें, चावा कायमचा बदलून टाकणाऱ्या पट्ट्या वापरणें, आणि वेदनाशामक गोळ्यांच्या जोडीला अफूच्या जातीचीं औषधें देणें, यांच्या विरुद्ध त्यांनीं स्पष्ट शब्दांत मत दिलें. दांतांवर घालून काढतां येणारी पट्टी हा घरोघर परिचित उपाय. तिलाहि त्यांनीं फारसा पाठिंबा दिलेला नाहीं, आणि सांधा धुण्याच्या क्रियेलाहि नाहीं. तथापि ही दुसरी मनाई सौम्य आहे. एखाद्या रोग्यानें समजून-उमजून तो उपाय निवडला तर त्याला दोष देतां येणार नाहीं.

घरच्या उपायांत एक अगदीं क्षुल्लक दिसणारी गोष्ट आहे. ओठ मिटलेले असावे, पण दांत एकमेकांस टेकलेले नसावे. निरोगी माणसाचे दांत दिवसाच्या चोवीस तासांत जेवणखाण धरून वीस मिनिटांच्या आंतबाहेरच एकमेकांस भेटतात. हिशेबाची वही पाहतांना, सुईंत दोरा ओवतांना, मुलाच्या परीक्षेचा निकाल ऐकतांना जो दांतांवर दांत रोवून बसतो, तो हें प्रमाण कितीतरी पटींनीं ओलांडतो आणि त्याला त्याचा पत्ताहि नसतो. दिवसांतून दहा वेळां आठवण करून जबडा सैल सोडणें याला पैसा लागत नाहीं. मात्र चिकाटी फार लागते. मऊ अन्न, गरम कापडाचा शेक, जांभई देतांना हनुवटीखालीं मूठ धरणें, हें सर्व आजीबाईच्या बटव्यांतलेंच आहे.

आपल्याकडील रोग्यांनीं मात्र एका गोष्टीची सावधगिरी बाळगावी. तोंड उघडेनासें झालें म्हणजे तो सांध्याचाच दोष असतो असें नाहीं. सुपारी चघळण्यानें गालाच्या आंतील त्वचा ताठ व पांढुरकी होऊन तोंड हळूहळू आंखडत जातें, असा एक निराळा रोग आहे. केनियांत राहणाऱ्या पांच भारतीय स्त्रियांत तो १९५२ सालीं वर्णिला गेला, आणि पुढच्याच वर्षीं भारतांत डॉ. जोशी यांनीं त्याविषयीं लिहिलें. त्यांत पुढें कर्करोगाचा धोका असतो. तेव्हां सुपारी, मावा किंवा गुटखा खाणाऱ्यानें तोंड कमी उघडतें म्हणून जबड्याचे व्यायाम करीत घरीं बसूं नये. तोंड तपासून घ्यावें. त्याचप्रमाणें पन्नाशीनंतर प्रथमच चावतांना कानशील दुखूं लागलें आणि त्यासोबत दृष्टि अंधुक झाली, तर तें रक्तवाहिनीच्या दाहाचें लक्षण असूं शकतें, आणि त्यांत एक दिवसाचा उशीरहि डोळ्याला महाग पडतो.

शस्त्रक्रियेला या रोगांत स्थानच नाहीं असें मात्र नव्हे. लहानपणीं हनुवटीवर पडून किंवा कान फुटून आंत पू गेल्यामुळें ज्यांच्या जबड्याचें हाड कवटीशीं सांधून गेलें आहे, ज्यांच्या सांध्यांत गांठ आहे, किंवा संधिवातानें ज्यांचा सांधा खाऊन टाकला आहे, त्यांना ती करून घ्यावीच लागते, आणि ती केल्यावर वर्षानुवर्षें बोटभरहि न उघडलेलें तोंड उघडतें. याकरितां धातु व पॉलिइथिलीन यांचा कृत्रिम सांधा वापरतात. रोग्याच्या कवटीचें त्रिमिति चित्र काढून त्याच्या मापानें तो घडवितात. अशा एका सांध्याला अमेरिकेंत १९९९ सालीं रीतसर परीक्षेनंतर मान्यता मिळाली. दहा-दहा वेळां चाकूखालीं जाऊन जबड्याचें हाडच उरलें नाहीं, अशा रोग्यांना तो सांधा आरंभीं मोठ्या प्रमाणावर बसवावा लागला. आणि त्यांतील पुष्कळजणी १९८३ नंतर टेफ्लॉनची चकती घेतलेल्या होत्या.